तीन भिंतींचा गोठा

"अर्ज भरायला फार तर अर्धा तास लागेल," असं मी ताईला सांगितलं, त्याला आता सव्वा वर्ष झालं. आमच्या घरात हे वाक्य अजून वापरात आहे. मी गळका नळ दुरुस्त करायला बसलो की आमची ही शांतपणे विचारते, "अर्धा तास का?" आणि उत्तराची वाट न बघता बादल्या भरून ठेवते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर तिची शेती, एक जुना गोठा आणि नऊ गाई. नऊही गाईंचं दूध ती हातानेच काढायची, सकाळ-संध्याकाळ, आणि हे तिने इतकी वर्षं केलं की शेवटी तिच्या मनगटांनीच हात टेकले. डॉक्टरांनी दोन्ही मनगटं दाबून पाहिली आणि विचारलं, "गाई किती?" ताईने आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाले, "हात दोनच आहेत तुम्हाला." एवढं बोलून त्यांनी मलम लिहून दिलं.

परत येताना ताई माझ्याकडे थांबली. म्हणाली, "पुढच्या महिन्यात व्यापारी येणार आहे बघायला." काय बघायला, ते तिने सांगितलं नाही. चहा मात्र अर्धा ठेवून गेली. ताई चहा अर्धा ठेवते म्हणजे काय, हे मला आणि आमच्या हिला दोघांनाही कळतं. त्या दिवशी कप विसळायला दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

आणि त्याच आठवड्यात पेपरात ती जाहिरात आली. शेतीच्या जुन्या इमारती आणि अवजारं यांच्या आधुनिकीकरणासाठी सरकारी अनुदान. गोठ्याला सिमेंटची जमीन, पाणी वाहून जायला नाली, खेळती हवा, आणि मुख्य म्हणजे दूध काढायचं यंत्र. मी जाहिरात कापली, बनियनवर शर्ट चढवला आणि ताईकडे जाऊन ते अर्ध्या तासाचं वाक्य बोललो.

मी सदतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या मास्तरांना शाळेत कोणी काही विचारत नाही. गणिताच्या मास्तरांना वाट सोडतात, विज्ञानाच्या मास्तरांना घाबरतात, आणि आम्हाला स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायला बोलावतात. त्यामुळे निवृत्तीनंतर का होईना, घराण्यात एखादं वजनदार काम आपल्या हातून व्हावं, अशी माझी फार इच्छा होती. आता मागे वळून पाहताना वजनदार हा शब्द मला जरा जपून वापरायला हवा होता असं वाटतं.

अर्ज तेवीस पानांचा निघाला. पहिली चार पानं मी एका दमात भरली. 'इमारतीचा सध्याचा वापर' इथे मी 'गाई' असं लिहिलं. 'अर्जदाराचा इमारतीशी संबंध' इथे ताईला विचारलं तर ती म्हणाली, "जिव्हाळ्याचा." मी तेही लिहिलं. सहाव्या पानावर इमारतीचा आराखडा जोडायला सांगितलं होतं, आणि तिथे मात्र मी बाह्या सरसावल्या. तीन दिवस बसून मी गोठ्याचा असा आराखडा काढला की तसा त्या कार्यालयात आजवर आला नसेल. दारातून पडणारी तिरपी उन्हाची पट्टी, खांबांच्या सावल्या, पत्र्यावरचा गंज, आणि आत नऊच्या नऊ गाई.

तो घेऊन मी तीन नंबरच्या खिडकीवर गेलो. तिथे एक बाई बसायच्या. चष्म्याला साखळी, पुढ्यात तीन शिक्के आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरचा माणूस कुठली तरी सही विसरून आला आहे हे त्यांना त्याच्या चालण्यावरून कळतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"आराखडा."

"यात गाई आहेत."

"गोठा आहे ना तो."

"आराखड्यात जनावरं दाखवायची नसतात." बाईंनी कागद थोडा लांब धरला. "काढल्यात छान. ही कोपऱ्यातली आजारी आहे का?"

"नाही. ती लांब उभी आहे, म्हणून लहान दिसते. त्याला यथार्थदर्शन म्हणतात."

"मग तिला काढा. आणि बाकीच्यांनाही. नुसत्या रेघा पाहिजेत आम्हाला, मापांसकट."

सदतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की नुसत्या रेघांना चित्र म्हणत नाहीत. घरी येऊन मी नुसत्या रेघा काढल्या. मात्र बाईंनी जाता जाता माझ्या चार पानांवर पेन्सिलीने बारीक खुणा करून दिल्या होत्या, कुठे काय लिहायचं त्याच्या. 'गाई' खोडून 'पशुपालन'. 'जिव्हाळ्याचा' खोडून 'मालक'. रांगेत माझ्यामागे अकरा माणसं उभी असताना त्यांनी हे केलं होतं. मला तेव्हा त्याचा राग आला होता, हे मी लाजेने कबूल करतो.

आता राहिले फोटो. जुन्या इमारतीचे चारही बाजूंनी फोटो जोडायचे होते. आणि इथे आमचे पोल्ट्रीवाले या गोष्टीत आले.

पोल्ट्रीवाले हे ताईचे शेजारी. त्यांच्या दोन हजार कोंबड्या आहेत आणि त्याहून जास्त मतं. कोणी कुंपणाला खिळा मारत असला तरी ते हातातलं काम टाकून येतात आणि खिळा वाकडा जाईपर्यंत थांबतात. मी कॅमेरा घेऊन गोठ्याभोवती फिरत होतो, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "मास्तर, असं कोण देईल अनुदान?"

"का हो?"

"गोठा धडधाकट दिसतोय. सरकारला कळवळा यायला पाहिजे. तो कडेचा पत्रा आधीच ढिला आहे बघा. त्याचा एक बोल्ट काढा, पत्रा जरा लोंबू दे, आणि मग घ्या फोटो. झालं की लावून टाका परत. कोणाचं काय जातंय?"

मला हे पटायला नको होतं. मुलांनी चित्रात पट्टीने रेघ मारली तरी मी त्यांना उभं करायचो. पण माझ्यातला चित्रकार आतून म्हणाला की लोंबता पत्रा फोटोत खरोखर उठून दिसेल. ताई गाई घेऊन माळावर गेली होती. मी शिडी लावली.

बोल्ट गंजलेला होता. मी जोर केला. बोल्ट निघाला, आणि त्याच्यासोबत तो ज्या वाशात होता त्या वाशाचा हातभर तुकडाही आला. वासा आतून पार भुसा झाला होता. मग तो पत्रा घसरला, त्याने शेजारच्या पत्र्याला सोबत घेतलं, त्याने पुढच्याला. घाई कुठेच नव्हती. सभा संपल्यावर माणसं एकेक करून उठतात तसं ते सगळं छप्पर माझ्या डोळ्यांदेखत उठून गेलं. शेवटी मागची भिंत थोडा वेळ विचारात उभी राहिली आणि मग तीही बाहेरच्या बाजूला आडवी झाली. धूळ बसली तेव्हा मी पुढच्या भिंतीला टेकलेल्या शिडीवर होतो, हातात बोल्ट होता, आणि कुंपणापलीकडे पोल्ट्रीवाले नव्हते.

ताई गाई घेऊन परत आली. तिने गोठ्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं.

"छोट्या," ती म्हणाली, "सावकाश खाली ये. तिसरी पायरी मोडकी आहे."

एवढंच. मी एकसष्ट वर्षांचा आहे. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नऊ गाईंना त्या संध्याकाळपासून छप्पर नव्हतं. आमच्या घराशेजारी एक लांबट पत्र्याची शेड आहे. तिथे मी शनिवार-रविवार लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतो. पाच गाई शेडमध्ये मावल्या, चार अंगणात बांधल्या. आमची ही दारात उभी राहून मोजत होती. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती पदर खोचून पुढे आली आणि ताईला म्हणाली, "वन्सं, दूध आजपासून मी काढते. तुम्ही नुसतं स्टुलावर बसून सांगा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि अहो, तुम्ही शेण काढा. त्यात पाडण्यासारखं काही नाही."

दूध काढायचा प्रयत्न मीही केला. दहा मिनिटं झटून मी पेलाभर दूध काढलं, तेही गाईने माझी दया येऊन दिलं असावं. माझे पंजे दुसऱ्या दिवशी ब्रश धरेनात. ताई हे नऊ गाईंचं, दिवसातून दोनदा, इतकी वर्षं करत होती, आणि मी तिच्याकडे जाऊन दूध पिऊन येत होतो. 

वर्गाच्या मुलांनी मात्र फार समजूतदारपणा दाखवला. ती गाईंच्या मधल्या जागेत बसून चित्रं काढू लागली. वर्षानुवर्षं मी फळ्यावर गाय काढून दाखवायचो आणि मुलं टेबलासारखी गाय काढायची. त्या शनिवारी पहिल्यांदा मुलांच्या गाईंना गुडघे आले.

पण मुदत जवळ येत होती. मध्येच व्यापारीही येऊन गेला. आमच्या अंगणात त्याने गाईंच्या पाठीवरून हात फिरवला, ताईचा गोठा पडल्याचं त्याच्या कानावर आलंच होतं. "गोठा नाही, तेव्हा ठेवणार तरी कुठे तुम्ही?" तो सहज म्हणाला. ताईने त्याला महिनाभर थांबायला सांगितलं. तो गेल्यावर ती एका गाईच्या गळ्याखाली खाजवत उभी राहिली, दुखऱ्या हाताने.

मी योजनेचे नियम पुन्हा काढून वाचले. अनुदान जुन्या इमारतीच्या आधुनिकीकरणासाठी होतं. नवीन बांधकामाला एक पैसाही मिळणार नव्हता. आणि ताईकडे जुनी इमारत होती ती मी पाडली होती.

पोल्ट्रीवाले आठवड्याने कुंपणापाशी उगवले. तोंड जरा उतरलेलं होतं, पण सल्ला तयार होता. "वादळ झालं असं लिहा. वादळाने पडलं. वादळाची योजना वेगळी असते."

खरं सांगायचं तर मी ते लिहिलंही. चांगलं लिहिलं होतं. सोसाट्याचा वारा वगैरे. कागद घेऊन मी ताईकडे सहीला गेलो. तिने तो पूर्ण वाचला.

"वारा कधी सुटला?"

"म्हणजे, तसं लिहायचं असतं."

"छोट्या, गाई गेल्या तर मला वाईट वाटेल. पण त्या गेल्या असं मी सांगू शकेन कोणालाही. हे मला सांगता येणार नाही." तिने कागद परत माझ्या हातात दिला. "तू काय केलंस ते तू लिही. मग बघू."

तेव्हा मी लिहिलं. 'मी, खाली सही करणार, अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ, असे लिहून देतो की इमारत अधिक दयनीय दिसावी या हेतूने मी स्वतः शिडीवर चढून एक बोल्ट काढला, त्यामुळे छप्पर व एक भिंत कोसळली. यात अर्जदाराचा काहीही दोष नाही. शिक्षा करायची असल्यास मला करावी.' पोल्ट्रीवाल्यांचं नाव मी घातलं नाही. बोल्ट त्यांनी काढला नव्हता.

तीन नंबरच्या खिडकीवर बाईंनी तो कागद वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला. मग शेजारच्या दोन नंबरच्या खिडकीतल्या गृहस्थांना दिला. त्यांनी वाचला आणि ते खाली वाकून काहीतरी शोधू लागले, पण त्यांचे खांदे हलत होते.

"एकोणीस वर्षं मी इथे बसते," बाई म्हणाल्या. "वादळाचे अर्ज येतात. विजेचे येतात. एकदा हत्तीचा आला होता, इथे हत्ती नसताना. असा पहिलाच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लागलं नाही ना तुम्हाला?"

इतक्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"भिंती किती उभ्या आहेत?"

"तीन."

बाईंनी मागच्या कपाटातून जाडजूड नियमावली काढली, थुंकी न लावता, रबरी टोपण घातलेल्या बोटाने पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पाया शाबूत आणि किमान तीन भिंती उभ्या असतील तर इमारत अस्तित्वात आहे असं समजावं. "समजावं, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा आम्ही समजतो. आता पाहणी अधिकाऱ्यांना तीन भिंती दिसल्या पाहिजेत. जा, आणि कृपा करून कुठल्याही भिंतीला हात लावू नका."

पुढचे आठ दिवस मी त्या भिंतींच्या जवळून जाताना शिंकलो नाही.

पाहणी अधिकारी हे उंच, अबोल गृहस्थ निघाले. मोजपट्टी, वही आणि चिखलाचे बूट स्वतःच घेऊन आले. त्यांनी पाया ठोकून पाहिला. डावी भिंत मोजली. उजवी मोजली. पुढच्या भिंतीपाशी मात्र थांबले. पुढची भिंत म्हणजे एक मोठं दार आणि त्याच्या दोन बाजूंना थोडी थोडी भिंत, असा प्रकार होता.

"यात भिंतीपेक्षा दारच जास्त आहे," ते म्हणाले.

ताईने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. आमच्या हिने चहा आणला होता तो तसाच हातात धरून ती उभी होती.

अधिकारी दारातून आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. मग म्हणाले, "दार कशात असतं?"

"भिंतीत," ताई म्हणाली.

"बरोबर. भिंत नसती तर याला दार म्हणता आलं नसतं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा घेतला. मग माझ्याकडे वळले. "तुम्हीच का ते?"

"हो."

"एकट्यानेच?"

"हो."

"वजन किती तुमचं?"

मी सांगितलं. हे कशाला हवं, ते कळलं नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं, भुसा झालेला वासा बोटाने खरवडून पाहिला आणि निघून गेले. त्यांच्या अहवालाची प्रत पंधरवड्याने पोस्टाने आली. त्यात लिहिलं होतं, 'छप्पर आतून पूर्णपणे कुजलेले होते. चौपन्न किलो वजनाच्या निवृत्त चित्रकला शिक्षकाने एक बोल्ट काढताच ते कोसळले, यावरून इमारतीची अवस्था लक्षात यावी. जनावरे व अर्जदार आत असताना ती कोसळण्याचा धोका होता. आधुनिकीकरण अत्यंत निकडीचे. मंजुरीची शिफारस.'

माझ्या अंगकाठीबद्दल सरकारदरबारी अशी नोंद होईल हे मला आधी ठाऊक असतं तर मी दोन घास जास्त खाल्ले असते. पण धोक्याचं ते वाक्य मी परत परत वाचलं. ताई रोज पहाटे त्याच वाशाखाली बसत होती. आमच्या हिनेही ते वाचलं आणि त्या दिवशी मला कशावरूनही टोमणा मारला नाही.

अनुदान मंजूर झालं. व्यापाऱ्याला ताईने चहा पाजून परत पाठवलं. पोल्ट्रीवाल्यांनी स्वतःहून चार दिवस येऊन पडलेल्या भिंतीचा राडारोडा उचलला, एकही सल्ला न देता. ते त्यांना किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. नवं छप्पर चढलं, जमीन झाली, नाली झाली आणि एक दिवस यंत्र आलं. पहिल्या दिवशी ताई स्टूल घेऊन यंत्राच्या शेजारी बसून राहिली, त्याला काही अडलं तर हाताशी असावं म्हणून. त्याला काही अडलं नाही. नऊ गाईंचं दूध निघालं आणि ऊन अजून कोवळं होतं. ताई म्हणाली, "आता काय करू?" आणि मग जाऊन झोपली. सकाळी परत झोपलेली ताई मी तरी जन्मात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कॅनभर दूध घेऊन माझ्याबरोबर कार्यालयात आली. बाईंनी कॅन पाहूनच हात मागे घेतले. "आम्हाला काही घेता येत नाही."

"मग आभार तरी घ्या," ताई म्हणाली.

"तोंडी ठीक आहे. लेखी असेल तर नोंद करावी लागते, आणि आभाराची वही नाही आमच्याकडे. तक्रारीची आहे."

"तीच द्या," ताई म्हणाली.

मागे रांग होती, पण कोणी कुरकुर केली नाही. ताईने सांगितलं तसं मी तक्रारवहीत लिहिलं. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात, 'सर्वांनी नीट वागवले.' 'तक्रार कोणाविरुद्ध' या रकान्यात, 'खिडकी क्रमांक तीन व पाहणी अधिकारी.' 'अपेक्षित कारवाई' यापुढे ताई म्हणाली, "असंच चालू ठेवा, असं लिही." बाईंनी पावती फाडून दिली. पावती देताना त्या आमच्याकडे न बघता शिक्क्याकडे बघत होत्या.

दूध आम्ही रांगेतल्या लोकांना वाटून टाकलं. त्याला नियमात काही हरकत नव्हती.

दीड महिन्याने वरच्या कार्यालयातून ताईच्या नावाने छापील पत्र आलं. 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली असून, असा प्रकार पुन्हा घडणार नाही याची खबरदारी घेण्याच्या सूचना संबंधितांना देण्यात आल्या आहेत.'

मी हसायला लागलो, पण ताईचा चेहरा पडला. "म्हणजे त्या बाईंना बोलणी बसली असतील का रे?"

"पत्र वरून तीन नंबरच्या खिडकीमार्फत आलंय, तिथला शिक्का आहे," मी म्हटलं. "खाली बघ."

छापील मजकुराच्या खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सूचना मिळाली. पाळणार नाही. गाई कशा आहेत?'

ताईने ते दोनदा वाचलं. मग तिने माझ्याकडून एक पोस्टकार्ड मागून घेतलं आणि मी पुढे केलेला हात बाजूला सारून स्वतःच लिहायला बसली. पत्ता मी घातला. मजकूर तिचा होता, अक्षर जरा वाकडं, पण ठळक. 'नऊही बऱ्या आहेत. एक गाभण आहे. मी सकाळी परत झोपते.'